नांदुदुचा अंगठा

नांदुदुला मारामारी नवी नव्हती. एम्बाले गावाच्या रस्त्यांवर बावीस वर्षं बोडा चालवायची, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, आणि तीही बाईमाणसाने, हे कुणी सुखासुखी करू देत नाही. पहिल्याच वर्षी कुमी रोडच्या थांब्यावर तिच्या गाडीच्या टाकीत कुणीतरी साखर ओतली. कुणी ओतली ते तिने शोधून काढलं आणि त्याच्या तोंडावर हेल्मेट असं हाणलं की त्याचे पुढचे दोन दात चहाच्या टपरीखाली सापडले. चौथ्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मागे बसल्या बसल्या तिच्या गळ्यात दोर टाकला. त्याला गाडी हवी होती. बाईने ब्रेक मारलाच नाही. गाडी सरळ गटारात घातली, दोघंही आपटली, आणि लोक धावत येईपर्यंत तिने त्याचा कान दातात धरून ठेवला होता. त्या माणसाला कान अर्धाच परत मिळाला. तिच्या हनुवटीखाली दोराचा काळा वळ राहिला तो कायमचा. नवा पोरगा थांब्यावर आला की त्याला आधी तो वळ दाखवायचे आणि मग भाड्याचे दर सांगायचे.

तिच्याबद्दल कुणी गोड बोलायला लागला तर समजावं, याचं तिच्याकडे काम अडलंय. पण काम अडलं की जायचं तिच्याकडेच. गाडी चोरीला गेली, पोलिसाने अडवून ठेवलं, नवऱ्याने बायकोचं डोकं फोडलं, सगळी भांडणं तिच्या दारात यायची, आणि बहुतेकांना आधी शिव्या मिळायच्या, मग मदत.

‘डोंगराचे डोळे’ हा फोनवरचा ग्रुप तिनेच आणखी चौघांना घेऊन काढला. त्या वर्षी सहा बोडावाले गळे आवळून मारले गेले होते. गाडी पळवली की ग्रुपवर खबर टाकायची. रंग, नंबर, कुठल्या दिशेला गेली. बघता बघता अकरा हजार माणसं झाली. खबर पडली की वीस मिनिटांत डोंगरापासून रेल्वेपर्यंत एक बोळ मोकळा राहत नसे. चोर सापडायचा. सापडल्यावर त्याचं काय व्हायचं ते ग्रुपवर कुणी लिहीत नसे, पण पेट्रोल प्रत्येकाच्या टाकीत असतं आणि जुने टायर प्रत्येक पंक्चरवाल्याकडे. नांदुदुने असे तीन जळताना पाहिले. पहिल्याच्या वेळी ती मध्ये पडली होती. तिसऱ्याच्या वेळी तिने पाठ फिरवली आणि चहा सांगितला. आपल्याला वाईट वाटलं नाही, हे ती कुणापासून लपवत नव्हती.

म्हणूनच खबर टाकायचा हक्क फक्त पाच जणांच्या पंचमंडळाकडे होता, आणि हे पाचही जण म्हणजे जुनी खोडं. जुन्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती नव्यांच्या ध्यानात राहत नसे. तिकडे एका हंगामात सुंता झालेले पुरुष जन्मभर एकमेकांचे होतात. एकाच ढोलावर नाचलेले, एकाच दिवशी सुरीपुढे उभे राहिलेले. अशा सोबत्याने गाडी मागितली तर किल्ली द्यायची, कारण विचारायचं नाही, आणि गाडीच्या मालकाला तर सांगायचंच नाही. त्यामुळे चोरीची प्रत्येक तिसरी तक्रार ही उसन्या गाडीची असायची. तक्रार आली की हे पाच जण आधी त्या थांब्याच्या मुकादमाला फोन लावायचे, मग चालवणाऱ्याला, मग त्याच्या हंगामाच्या एखाद्याला. मगच खबर.

हे सगळं छान चाललं होतं, मुगोया मरेपर्यंत. बावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या थांब्यावरून दुपारी तक्रार आली तेव्हा पाचही पंच एका मयतीला गेले होते आणि फोन खिशात आवाज बंद करून ठेवलेले. खबर पडायला पन्नास मिनिटं लागली. मुगोया नामातालाच्या भातखाचरात चिखलात पालथा सापडला, गळ्यात दोर, अंग अजून गरम. संध्याकाळच्या आत दोनशे पोरं वासुकिराच्या दारात होती. वासुकिरा हा पंचमंडळाचा प्रमुख, वय अठ्ठावन्न, तब्येतीने भक्कम आणि बोलण्यात त्याहून भक्कम. पोरांनी दार फोडलं, त्याला पाय धरून अंगणात ओढलं. नांदुदु जॅकचा दांडा घेऊन आडवी आली. एकाचं गळपट्टीचं हाड मोडलं, दुसऱ्याचं मनगट, तेव्हा बाकीचे थांबले. मग ती वासुकिराकडे वळली आणि म्हणाली की दगड खायची लायकी तुझी आहेच, फक्त आज मेलास तर उद्या पंचमंडळ कोण बदलेल?

बदल तिने करून घेतला. वासुकिरा महिनाभर आडमुठेपणा करत होता. त्याचं म्हणणं एकच, की पोरांच्या हातात अकरा हजार माणसं द्यायची म्हणजे गाव पेटवायचं. नांदुदुचंही म्हणणं एकच, की जुन्यांचं शहाणपण मयतीत खिशात पडून होतं. शेवटी ठरलं ते असं: पंच सहा. तीन जुने, तीन नवे. तक्रार आली की एका जुन्याने आणि एका नव्याने, दोघांनी अंगठा दाबायचा. ज्याचा दुसरा अंगठा, त्याने खबर टाकायची. नुसत्या जुन्यांचं चालणार नाही, नुसत्या नव्यांचंही नाही. कुठल्याही एका बाजूला वाटलं की थांबावं, तर थांबायचं.

नव्यांतला पहिला तिने निवडला कुतोसी. मुगोयाचा सख्खा थोरला भाऊ, चोवीस वर्षांचा. सगळ्यांनी कपाळावर हात मारला. हा सुडाने पेटलेला, हा दिसेल त्याला जाळायला पाठवेल. नांदुदु म्हणाली की घाई करायचं सगळ्यात मोठं कारण याच्याकडे आहे, म्हणून थांबायला यानेच शिकायला हवं. खरं तर तिला पोराची दया आली होती, पण दया आली असं म्हणायची तिला लाज वाटायची.

कुतोसी थांबायला असा शिकला की नांदुदुच वैतागली. एकेका तक्रारीला चार चार फोन. किल्ली कुणी दिली, कुणाच्या हंगामाचा, गाडीवर काय बांधलं होतं. आठ महिन्यांत त्याने अकरा खबरा अडवल्या. दहा गाड्या उसन्या निघाल्या, अकरावी सरहद्दीपलीकडे गेली ती गेली. जुने त्या अकरावीवरून त्याला टोमणे मारत. नांदुदु त्याच्या तोंडावर त्याला गोगलगाय म्हणायची आणि पाठीमागे सांगायची की मी जन्मात एकच काम धड केलं, हा पोरगा शोधला. तो तिला आत्या म्हणायचा. त्याची सख्खी आत्या जिवंत होती आणि तिला ते अजिबात आवडत नसे.

मग सुंतेचा हंगाम आला. दर दोन वर्षांनी ऑगस्टात गावात ढोल शिरतात, अंगाला बाजरीचं पीठ फासलेली पोरं मांडीला घुंगरं बांधून रस्तोरस्ती नाचतात, आणि त्यांच्या मागे अख्खी भावकी. धंद्याचे दिवस. चोरांचेही तेच. त्या आठवड्यात दोन बोडावाले मारले गेले. दुसऱ्याला ओळखायला नांदुदुला शवागारात बोलावलं होतं, कारण त्याचं घर लांब डोंगरात. तिने चादर बाजूला केली आणि त्याच्या गळ्यावरचा वळ पाहिला. तिच्या वळासारखाच होता, फक्त हा मेला होता. ती बाहेर आली, गाडीला लाथ घालून चालू केली आणि निघाली.

त्याच दुपारी तीनला तक्रार आली. लाल बजाज, मालकीण लिहीत होती. वोकुरी नावाचा माणूस तिची गाडी चालवायचा, त्याचा फोन लागत नाही, आणि गाडी नामातालाकडे पळवताना कुणीतरी पाहिली. चालवणारा भलताच, तोंडाला पांढरं फासलेलं, चेहरा ओळखू येऊ नये म्हणून.

नांदुदु पंक्चरवाल्याकडे उभी होती. तिने त्याच क्षणी अंगठा दाबला. मुकादमाला फोन नाही, कुणाला काही नाही. इतकी वर्षं जी गोष्ट ती नव्यांच्या डोक्यात घालत होती ती तिच्या स्वतःच्या डोक्यात त्या दिवशी आलीच नाही. दुसरे दोन नवे पंच नाचात होते. राहिला कुतोसी. त्याने लिहिलं: ‘वोकुरीच्या थांब्यावर फोन उचलत नाहीत. ढोल असतील. पीठ तर आज सगळ्यांच्याच तोंडाला आहे, आत्या. जरा थांबूया.’

तिने त्याला एकट्याला आवाजी निरोप पाठवला. त्यात ती म्हणाली ते असं:

“तू कसला रे भाऊ? मुगोया मेला तेव्हा हे म्हातारे असेच थांबले होते. तू त्यांच्यातलाच. तुझ्या अंगठ्यात रक्त आहे की पाणी? दाब, नाहीतर आजपासून मला आत्या म्हणू नकोस.”

तीन वाजून दहा मिनिटांनी कुतोसीने अंगठा दाबला आणि खबर टाकली.

चार मिनिटांनी कुतोसीला वोकुरीचा फोन आला. ढोलांच्या गदारोळात झिंगलेल्या आवाजात तो ओरडत होता की गाडी मीच दिली, माझ्या हंगामाचा आहे तो, मुसामाली, भाच्याच्या सुंतेला दारूचं मडकं पोचवायला गेलाय. कुतोसीने लगेच दुसरी खबर टाकली, थांबा, गाडी उसनी आहे, सुंतेला चाललीय, आणि स्वतः नामातालाकडे गाडी पळवली. ती खबर नांदुदुखेरीज कुणी वाचली नाही. पहिली वाचून लोकांनी फोन खिशात टाकले होते आणि गाड्या काढल्या होत्या.

नांदुदु पोचली तेव्हा नामातालाच्या भातगिरणीच्या मागे दीडशे माणसं होती. लाल बजाज आडवी पडलेली, मडक्याच्या खापऱ्या, दारूचा आंबूस वास, आणि त्याच्यावर पेट्रोलचा. गर्दीच्या मधोमध मुसामाली पडला होता आणि त्याच्या अंगावर पालथा कुतोसी, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून. लोक दोघांनाही मारत होते. विटा, पान्हे, हेल्मेटं. ‘याला सोडा, हा पंच आहे’ असं कुणीतरी म्हणत होता, आणि म्हणता म्हणता तोही लाथ घालत होता. नांदुदुने गाडी थांबवलीच नाही. तशीच गर्दीत घातली. एकाचा पाय चाकाखाली मोडला, त्याचा आवाज तिने ऐकला. कुलपाची साखळी काढून ती दिसेल त्याला झोडत सुटली. एकाच्या हातात काडेपेटी होती. त्याच्या हातावर साखळी बसली तेव्हा काड्या चिखलात सांडल्या आणि तो बोटं धरून खाली बसला. तिने ओरडून ओरडून सांगितलं की गाडी उसनी आहे, हा सुंतेला चाललाय. गर्दी मागे सरली. मग एकेक जण गाडी चालू करून निघून गेला, घाईघाईने, मान खाली घालून. पाच मिनिटांत तिथे कुणी नव्हतं.

मुसामाली जिवंत होता. तोंडावरचं पीठ आणि रक्त कालवलं गेलं होतं. त्याला तिने आपल्यामागे बसवलं, त्याच्यामागे कुतोसी बसला, बरगड्या मोडलेल्या असताना, आणि त्याने दोन्ही हातांनी त्याला तिच्या पाठीशी आवळून धरलं. रस्ताभर मुसामालीचं डोकं तिच्या पाठीवर आदळत होतं. मडकं फुटलं का, असं त्याने एकदा विचारलं. नाही फुटलं, असं ती म्हणाली. दवाखान्याच्या फाटकात कुतोसी हळूच म्हणाला, “आत्या, सावकाश चालव आता. घाई नाही.”

पुढचे चार दिवस लोक नांदुदुची वाहवा करत होते. एकटी बाई, दीडशे माणसांत गाडी घातली. ती ऐकून घ्यायची आणि तोंड फिरवायची. गावात विचारणा सुरू होती की खबर कुणी टाकली, आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण टाकणाऱ्याचं नाव खबरेखालीच असतं: कुतोसी. त्याच्या आधीचा अंगठा कुणाचा ते पंचांच्या आतल्या ग्रुपात दिसत होतं. पण अंगठा दाबणं वेगळं आणि खबर टाकणं वेगळं, असं वासुकिरा सगळीकडे समजावून सांगत फिरत होता. आवाजी निरोप तर फक्त दोन फोनांत होता. ती वाट पाहत होती, कुतोसी तो केव्हा काढतो याची. कुतोसीने चार दिवसांत त्याबद्दल शब्दच काढला नाही. तिला रात्री झोप येत नव्हती आणि दिवसा भूक लागत नव्हती. भीती ही गोष्ट काय असते ते तिला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कळलं, आणि ती मरणाची भीती नव्हती, कुणी आपल्याकडे बघेल याची होती.

पाचव्या दिवशी सकाळी गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सभा बसली. पंच, मुकादम, मिळून साठेक माणसं. वासुकिराने मुसामालीच्या भावाला, वामोनोला, मुद्दाम बोलावलं होतं. तो चुलत्या-पुतण्यांना घेऊन पुढच्या बाकावर बसला, मांडीवर टायर काढायची लोखंडी पट्टी. त्याला शेडमध्ये काय करायचं होतं ते विचारायची गरज नव्हती. वासुकिरा माइक घेऊन उभा राहिला आणि आवाज खाली आणून बोलला. म्हणाला, वर्षापूर्वी मी सांगत होतो. नव्यांना घेतलं, आणि एका निरपराध माणसाचा जीव गेला. तिन्ही नव्यांच्या जागा काढा, पाच जुने परत बसवा, आणि ज्याने खबर टाकली त्याचं काय करायचं ते या घराने ठरवावं, आम्ही मध्ये येणार नाही.

मग त्याने कुतोसीला उभं केलं. पोराच्या छातीला पट्टे, एक डोळा मिटलेला.

“शेवटचा अंगठा तुझा?”

“माझा.”

“थांबूया असं तूच लिहिलंस. मग दाबलास का?”

कुतोसी खाली बघत होता. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. “गाडी चोरीचीच वाटली मला,” तो म्हणाला.

वामोनो उठला. शेडमध्ये कुणी त्याला अडवलं नाही. साठ माणसांनी जागा करून दिली. नांदुदु उठली. ती पोराच्या पुढे जाऊन उभी राहिली, फोन काढला आणि वासुकिराच्या माइकला लावून निरोप सुरू केला. तिचा आवाज पत्र्याच्या शेडभर घुमला. तुझ्या अंगठ्यात रक्त आहे की पाणी. दाब.

निरोप संपायच्या आत वामोनोची पट्टी बसली होती. पहिला फटका फोन धरलेल्या हातावर. मनगटाचं हाड कातडीतून वर आलं. दुसरा खांद्यावर. कुतोसी तिला झाकायला पुढे झाला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने त्याला छातीवर, त्याच मोडलेल्या बरगड्यांवर, ढकलून दिलं.

“सरक. हे तुझं नाही.”

तिसरा फटका जबड्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर आली. बावीस वर्षांत जिने एक चापट उसनी ठेवली नव्हती, तिने हात वर केला नाही. वामोनोने चौथ्यासाठी पट्टी उचलली, आणि ती तशीच वर राहिली. समोर मार परतवणारं कुणी नव्हतं. त्याने पट्टी टाकली, जमिनीवर बसला, आणि मोठ्याने रडायला लागला. वासुकिरा काहीतरी बोलू पाहत होता. त्याच्याच एका मुकादमाने त्याला खाली बसवलं.

मत तिथेच घेतलं. नव्यांच्या तिन्ही जागा राहिल्या. साठांतले एक्केचाळीस हात वर होते. नांदुदुची जागा गेली, त्यावर मत घ्यावं लागलं नाही, ती स्वतःच तोंडातलं रक्त थुंकून तसं म्हणाली.

लोक तिला उचलायला वाकले तेव्हा वामोनोने हात आडवा केला. “परत लाव,” तो म्हणाला. “माझ्या भावाला कसं मारलं ते मला नीट ऐकू दे. मघाशी शेवट राहिला.”

फोनची काच तडकली होती, पण तो चालत होता. तिचा हात उचलत नव्हता, म्हणून कुतोसीने लावला. या वेळी कुणी मारत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, म्हणून सगळं स्पष्ट ऐकू आलं. पंक्चरवाल्याचा पंप, लांबचे ढोल, तिच्या शिव्या, मला आत्या म्हणू नकोस. आणि त्यानंतर, बोलणं संपल्यावर, बटण सोडायच्या आधी, बाजूला उभ्या असलेल्या पंक्चरवाल्याकडे बघून ती हसली होती. छोटंसं, मजेचं हसू, पोराची कशी जिरवली अशा अर्थाचं. आपण हसलो होतो हे नांदुदुला तोपर्यंत माहीत नव्हतं. वामोनोने ते आणखी दोनदा लावायला सांगितलं, आणि ती दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकत गुडघ्यांवर बसून राहिली.